मानसिक प्रथमोपचार

मानसिक प्रथमोपचार : तीव्र मानसिक त्रासात सापडलेल्या माणसाला तज्ज्ञांची मदत मिळेपर्यंत किंवा प्रसंग ओसरेपर्यंत भोवतालच्या सामान्य माणसाने द्यायचा आधार, आणि तो द्यायला शिकवणारे प्रशिक्षण. आत्महत्येचे विचार, पॅनिक अटॅक (एकाएकी उसळणारी तीव्र भीती), भ्रम व भास बळावणे, नशेतली बेभान अवस्था, अपघात किंवा आपत्तीनंतरचा धक्का हे प्रसंग त्यात येतात. निदान, औषध आणि समुपदेशन येत नाही. भाजल्यावर टूथपेस्ट लावायची नाही, गार पाणी ओतायचे, हे जसे शिकावे लागते तसेच हेही. घरात चटकन हाताशी येणारा उपाय बहुधा चुकीचा असतो, आणि मनाच्या बाबतीत ही टूथपेस्ट म्हणजे उपदेश : ‘मन घट्ट कर’, ‘विचारच करू नकोस’, ‘तुझ्यापेक्षा वाईट दिवस काढलेत आम्ही’.

सामान्य माणूस या कामी पुरा पडतो, हे लक्षात आले ते काहीसे योगायोगाने. लंडनमधले धर्मगुरू चॅड व्हारा यांनी १९५३ मध्ये आत्महत्येच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली. पुढे तीच ‘समॅरिटन्स’ झाली. लोक प्रत्यक्षही भेटायला येऊ लागले. व्हारा आत एकाशी बोलत असताना बाहेर ताटकळणाऱ्यांना स्वयंसेवक चहा देत, त्यांच्याजवळ बसत. त्यातले बरेच जण व्हारांना न भेटताच हलके होऊन परत जातात, असे दिसून आले आणि १९५४ मध्ये त्यांनी ऐकण्याचे काम स्वयंसेवकांकडे सोपवले. त्याच वर्षी अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने सामूहिक आपत्तीतील मानसिक प्रथमोपचारांवर पुस्तिका काढली. आपत्तीसाठीची ही शाखा आजही स्वतंत्र आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये क्षेत्रीय कार्यकर्त्यांसाठी दिलेली तिची मार्गदर्शिका ‘पाहा, ऐका, जोडून द्या’ एवढ्या तीन क्रियापदांवर उभी आहे. घडलेला प्रसंग खोदून खोदून वदवून घेऊ नये, हे तीत बजावलेले आहे.

नेहमीच्या जीवनासाठीचा अभ्यासक्रम २००० मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे बेटी किचनर आणि त्यांचे पती अँथनी जॉर्म यांनी सुरू केला. किचनर यांनी स्वतः नैराश्य भोगले होते आणि शारीरिक प्रथमोपचारांचे शिक्षणही त्यांना परिचयाचे होते. जॉर्म मानसिक आरोग्य साक्षरतेचे संशोधक. रक्त थांबवायचे शिकवणारा वर्ग गावोगाव असतो, मग घाबरलेल्या माणसाजवळ बसायचे शिकवणारा का नाही, एवढाच त्यांचा साधा प्रश्न होता. आज हा अभ्यासक्रम वीसहून अधिक देशांत चालतो.

त्यात जवळ जाऊन धोका अजमावणे, मते न लादता ऐकणे, धीर व माहिती देणे, तज्ज्ञांकडे जायला प्रवृत्त करणे आणि घरच्यांचा व मित्रांचा आधार जोडून देणे अशा पाच गोष्टी शिकवतात. यातली सगळ्यांत जड जाते ती पहिली. समजा, जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच बसलेला सहकारी म्हणतो, “कंटाळा आलाय रे, सगळंच संपवून टाकावंसं वाटतं.” उत्तर ओठांवर तयार असते : “येड्यासारखं काय बोलतोस, पोरांचा विचार कर.” बोलणे तिथेच संपते, आणि पोरांचा विचार करूनही तसे वाटते याची लाज त्याला वरून वाटते. प्रशिक्षणात शिकवतात ते सरळ विचारणे : “आत्महत्येचा विचार येतोय का तुझ्या मनात?” असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत संशोधनात टिकलेली नाही. विचारल्याने बहुधा सुटकाच वाटते. मराठीत हा प्रश्न आणखी अडखळतो, कारण आपल्याकडे ‘जिवाचं काही बरंवाईट’ ही पळवाट तयार आहे. आडून विचारले की उत्तरही आडूनच येते : “छे, तसं काही नाही.”

उत्तर ‘हो’ आले, तर कसे आणि कधी ते ठरवले आहे का, साधन हाताशी आहे का, पूर्वी प्रयत्न झाला होता का, हे शांतपणे विचारायचे. धोका जवळचा वाटला तर त्या माणसाला एकटे सोडायचे नाही आणि साधन दूर करायचे. शेतकरी कुटुंबात कीटकनाशके कुलपात किंवा घराबाहेर दुसऱ्याच्या ताब्यात ठेवणे, ही फार मोलाची खबरदारी आहे. ‘कोणाला सांगू नकोस’ या गळेपडू विनंतीला मात्र होकार द्यायचा नाही. इतर बाबतींत गुपित राखावे, यात नाही.

पॅनिक अटॅकची गोष्ट वेगळी. गच्च भरलेल्या लोकलमध्ये एखाद्याची छाती धडधडू लागते, हातपाय गार पडतात, ‘मी मरतोय’ असे तो म्हणतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा पॅनिक की हृदयविकार, हे ओळखता येत नाही. म्हणून ‘आधी असं झालंय का?’ हे विचारायचे, आणि नाही म्हटले किंवा शंका आली तर हृदयविकार धरूनच डॉक्टर गाठायचा. पूर्वीचा अनुभव असेल तर जागा करून द्यायची, छोट्या वाक्यांत बोलायचे, हळू श्वास सोडायला सांगायचे. बहुधा काही मिनिटांत लाट ओसरते. कांदा हुंगवणे आणि चपला नाकाशी धरणे याचा उपयोग नाही.

भ्रमाच्या वेळी वाद घालू नये आणि मानही डोलावू नये. ‘शेजारी माझ्या जेवणात काहीतरी कालवतात’ असे सांगणाऱ्या काकूंना ‘काकू, तुम्ही फार घाबरलाय. आज काही खाल्लंत का?’ एवढे विचारणे पुरते. खरे काय, ते त्या क्षणी ठरवायचे नसते.

महाराष्ट्र आणि गोव्यात या विचाराला स्वतःची वाट मिळाली, आणि ती या अभ्यासक्रमाच्या दोन दिवसांच्या वर्गापेक्षा लांबची आहे. १९९६ मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या स्वयंसेवी संस्थेने मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशक म्हणून तयार केले. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील त्यांच्या कामाचा नैराश्य व चिंतेच्या रुग्णांना फायदा झाल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने नाशिक जिल्ह्यातील खेड्यांत ‘आत्मीयता’ हा प्रकल्प राबवला. गावातलाच माणूस निवडून त्याला त्रास ओळखायला, ऐकायला आणि गरज पडल्यास पुढे पाठवायला शिकवायचे, अशी त्याची रीत. दीर्घ आजारात सोबत करणाऱ्यांसाठी मराठी आधारगटांनी ‘शुभंकर’ आणि आजाऱ्यासाठी ‘शुभार्थी’ हे शब्द रुळवले. ‘मनोरुग्ण’ या शब्दात जो दूर लोटण्याचा सूर आहे, तो त्यांत नाही.

मदतीला धावणाऱ्याला खरी भीती असते ‘पोलीस केस’ची. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ (लागू २९ मे २०१८) याच्या कलम ११५ ने आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरले आणि त्याला शिक्षेतून वगळले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेतले, आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारे ३०९ कलम उरलेच नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला. रुग्णालयात नोंद होणे वेगळे आणि गुन्हा होणे वेगळे, हे ठाऊक नसल्याने घरातल्या घरात झाकपाक होते आणि मोलाचे तास जातात. त्याच अधिनियमाच्या कलम ९४ नुसार जिवाला धोका असताना कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. मनोविकारतज्ज्ञ नाही म्हणून हात वर करण्याचे कारण नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ‘टेली मानस’ ही मोफत सेवा १४४१६ वर चोवीस तास, मराठीतही मिळते. जिवावर बेतले असेल तर ११२.

या प्रशिक्षणाने शिकणाऱ्याचे ज्ञान आणि आत्मविश्वास वाढतो, याला पुरावा चांगला आहे. ज्याच्यासाठी हे सारे, त्या त्रासलेल्या माणसाचे किती भले होते, याचा पुरावा अपुरा असल्याचे कॉक्रन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात म्हटले आहे. एक अडचण तर अगदी उघड आहे : पुढे जोडून द्यायचे तर पुढे कोणीतरी हवे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) निरनिराळ्या विकारांसाठी उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान आढळले. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार ठिकाणीच बरीच वर्षे राहिली. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला ‘तज्ज्ञांकडे जा’ म्हणजे एक दिवसाची मजुरी, एसटीचे दोघांचे तिकीट आणि सोबत यायला मोकळा असलेला माणूस. प्रथमोपचार करणाऱ्याचे काम पुष्कळदा या तिसऱ्या गोष्टीपाशी येऊन ठेपते : केसपेपर काढताना शेजारी उभे राहणे, आणि पुढच्या तारखेची आठवण आदल्या रात्री फोनवर करणे.