लेअर ब्लेंडिंगमधील बिघाड व त्यांचा शोध

फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लेअर, म्हणजे चित्राचे थर, एकावर एक रचले की वरच्या लेअरचा प्रत्येक पिक्सेल खालच्या पिक्सेलशी ठरावीक सूत्राने मिसळतो. या मिसळण्याला लेअर ब्लेंडिंग आणि त्या सूत्राला ब्लेंडिंग मोड म्हणतात. मोड बदलूनही काहीच न घडणे, कापून बसवलेल्या आकृतीभोवती पांढरी कड राहणे, लेअर मर्ज, म्हणजे एकत्र, करताच चित्राचा नूर पालटणे, पडद्यावर एक आणि छापून आल्यावर भलतेच दिसणे, हे यातले नेहमीचे बिघाड. सॉफ्टवेअरचा खरा दोष त्यांत क्वचित असतो. मोडचे नाव लेअरच्या चौकटीत दिसते, म्हणून तो त्या लेअरचा गुण वाटतो. पण तो वरच्या आणि खालच्या लेअरमधला व्यवहार आहे. वरचा लेअर बिघडलेला दिसला की आधी खाली पाहावे, ही या शोधाची पहिली पायरी.

या मिश्रणाचे गणित फोटोशॉपच्या आधीचे आहे. लुकासफिल्ममधील थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी 1984 मध्ये पारदर्शकतेसह चित्रे एकमेकांवर बसवण्याची सूत्रे मांडली. फोटोशॉप 1990 मध्ये बाजारात आले, पण त्यात लेअर आले ते 1994 च्या 3.0 आवृत्तीत. 2001 मध्ये पीडीएफच्या 1.4 आवृत्तीत पारदर्शकता आणि ब्लेंडिंग मोड दाखल झाले आणि हा व्यवहार छापखान्यापर्यंत पोचला.

सूत्रे समजायला अवघड नाहीत. काळा 0 आणि पांढरा 255 धरला, तर मल्टिप्लाय दोन आकडे गुणून 255 ने भागतो : 128 वर 128 ठेवला की 64 उरतो, म्हणजे चित्र गडद होते. स्क्रीन हेच गणित उलट्या बाजूने करतो आणि 192 देतो. यातूनच प्रत्येक मोडचा ‘निष्क्रिय’ रंग ठरतो. मल्टिप्लायमध्ये पांढरा दिसेनासा होतो, स्क्रीनमध्ये काळा, तर ओव्हरलेमध्ये मधला राखाडी. पांढऱ्या भिंतीच्या फोटोवर स्क्रीनमध्ये धूर टाकला आणि धूर दिसलाच नाही, तर काही बिघडलेले नाही. पांढऱ्याहून पांढरे होण्यास जागाच नाही. तसेच खाली पिक्सेलच नसतील, तर मल्टिप्लायला गुणायला काही मिळत नाही आणि लेअर आपल्या मूळ रंगात तसाच दिसतो.

मोडची यादीच निवडता येत नसेल, तर तो बहुधा कुलूपबंद बॅकग्राउंड लेअर असतो. त्याच्याखाली काही नसते, म्हणून त्याला मोडही नसतो. त्याचे साध्या लेअरमध्ये रूपांतर केले की यादी खुली होते. यादीतले फक्त काही मोड फिके दिसत असतील, तर फाइलचा कलर मोड (रंग साठवण्याची पद्धत) आणि बिट-खोली (प्रत्येक रंगासाठी किती बिट) तपासावी. फोटोशॉपमध्ये इंडेक्स्ड कलरच्या फाइलला लेअरच मिळत नाहीत, लॅब या कलर मोडमध्ये डार्कन, लाइटन, कलर डॉज, डिफरन्स असे मोड बंद असतात आणि 32 बिटमध्ये स्क्रीन व ओव्हरले मिळत नाहीत. शेवटच्याचे कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे : 32 बिटमध्ये पांढऱ्याच्याही पलीकडचा प्रकाश साठवता येतो, आणि स्क्रीनचे सूत्र तर पांढरा ही शेवटची मर्यादा धरूनच बांधलेले आहे.

ग्रुपमुळे, म्हणजे लेअर एकत्र ठेवण्याच्या फोल्डरमुळे, होणारी फसगत अधिक वरचेवर घडते. फोटोशॉपमध्ये नवा ग्रुप ‘पास थ्रू’ या मोडवर असतो, म्हणजे आतल्या लेअरचा परिणाम ग्रुपच्या खालीही झिरपतो. तोच ग्रुप ‘नॉर्मल’ केला की आतले लेअर फक्त आपापसांत मिसळतात आणि मग तयार चित्र खाली बसते. त्यामुळे कर्व्ह्ज किंवा ह्यू-सॅच्युरेशनचा, म्हणजे खालच्या चित्राचा उजेड वा रंग बदलणारा, लेअर ग्रुपमध्ये टाकल्यावर अचानक निकामी झाला, तर लेअरला हात न लावता ग्रुपचा मोड पाहावा. मर्जच्या वेळी होतो तो घोटाळाही याच जातीचा. मल्टिप्लायमधली सावली ‘मर्ज डाउन’ने खालच्या अर्धवट रिकाम्या लेअरमध्ये मिसळली, तर जिथे खाली पिक्सेल होते तिथे गुणाकार होऊन जातो; उरलेली सावली खालच्या लेअरचा मोड घेते, बहुधा नॉर्मल, आणि जमिनीवर करड्या डागासारखी उमटते. दिसते ते दृश्य जसेच्या तसे हवे असेल, तर कंट्रोल-शिफ्ट-आल्ट-ई दाबून सर्व दिसणाऱ्या लेअरची एकत्रित प्रत वर घ्यावी.

कापलेल्या आकृतीची पांढरी कड महाराष्ट्रात कुणालाही वेगळी दाखवावी लागत नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर भगव्या किंवा गडद निळ्या पार्श्वभूमीवर बसवलेल्या चेहऱ्याभोवती, विशेषतः केसांशी, ती चमकत असते. तिचा उगम एका पिक्सेलमध्ये पाहता येतो. केसांचा रंग 40 आणि मागची भिंत 240 असेल, तर अर्धा केस व अर्धी भिंत टिपणाऱ्या पिक्सेलचा आकडा 140 येतो. मास्कने, म्हणजे लेअरचा कोणता भाग किती दिसावा हे ठरवणाऱ्या पडद्याने, त्याला बरोबर 50 टक्के पारदर्शक केले आणि खाली 60 ची गडद पार्श्वभूमी ठेवली, तर उत्तर 100. खरे उत्तर 50 हवे होते, कारण केस 40 चाच आहे. म्हणजे मास्क अचूक असूनही कड उजळते : भिंत त्या पिक्सेलच्या रंगात शिरून बसलेली असते. अशा वेळी मास्क आत ढकलला की केसच कापले जातात, आणि फेदर (कडेचा मऊपणा) वाढवला तर कड अधिक रुंद होते. कडेचा रंगच बदलावा लागतो. फोटोशॉपमधील ‘डिफ्रिंज’, ‘रिमूव्ह व्हाइट मॅट’ आणि सिलेक्ट अँड मास्कमधील ‘डिकंटॅमिनेट कलर्स’ तेच करतात. हाताने करायचे तर आकृतीला क्लिप केलेल्या, म्हणजे तिच्यापुरत्याच दिसणाऱ्या, डार्कन किंवा मल्टिप्लायच्या लेअरवर, केसांतूनच उचललेल्या रंगाने कड रंगवावी. वेळ लागतो, पण केसांचा पोत टिकतो. काळी कड दिसली तर मात्र पारदर्शकतेने आधीच गुणलेल्या रंगांची शंका घ्यावी. पीएनजीच्या प्रमाणानुसार रंग न गुणता साठवायचे असतात. गुणलेले रंग तसेच वाचले गेले की ते दुसऱ्यांदा गुणले जाऊन काळवंडतात.

सर्वांत कमी ओळखला जाणारा बिघाड गॅमाचा, म्हणजे आकडा आणि प्रकाश यांच्यातल्या नात्याचा. फाइलमधले आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात; एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत 128 हा आकडा पांढऱ्याच्या सुमारे 22 टक्केच प्रकाश दाखवतो, आणि निम्मा प्रकाश 188 वर येतो. फोटोशॉप 8 व 16 बिटमध्ये सहसा या आकड्यांचेच मिश्रण करते. म्हणून लाल आणि हिरवा मऊ ब्रशने एकमेकांत मिसळले की मध्ये मळकट, गडद पट्टा येतो. कलर सेटिंग्जमध्ये आरजीबीचे (लाल-हिरवा-निळा) मिश्रण 1.00 गॅमाने, म्हणजे थेट प्रकाशाच्या प्रमाणात किंवा रेषीय पद्धतीने, करण्याची सोय आहे. अक्षरांसाठी वेगळी नोंद असते आणि ती मुळातच 1.45 वर ठेवलेली असते. जिंप या मोफत सॉफ्टवेअरने 2018 च्या 2.10 आवृत्तीत रेषीय मिश्रण आणले आणि जुने मोड ‘लेगसी’ या वेगळ्या गटात ठेवले. जिंपच्या 2.8 आवृत्तीतला ओव्हरले प्रत्यक्षात सॉफ्ट लाइटचेच सूत्र वापरत असे, त्यामुळे जुन्या फाइलचे दृश्य टिकवायला हा लेगसी गट लागतोच.

गॅमाचा संशय पडताळण्याची एक सोपी खूण आहे. दोन 128 मल्टिप्लाय केले तर एरवी 64 येतात आणि रेषीय पद्धतीने 61. डोळ्याला फरक जाणवत नाही. स्क्रीनमध्ये मात्र 192 च्या जागी 167 येतात. तेव्हा फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर सावल्या तशाच, पण धूर, प्रकाशाचे झोत आणि ब्रशच्या मऊ कडा बदललेल्या दिसल्या, तर मोडच्या नावांत शोध न घेता दोन्हीकडची गॅमाची नोंद जुळवावी.

त्वचेच्या रिटचिंगमधील फ्रिक्वेन्सी सेपरेशन (पोत आणि रंगछटा वेगवेगळ्या लेअरवर नेणे) हे ब्लेंडिंगच्या गणिताचे फार देखणे उदाहरण आहे. फोटोच्या दोन प्रती करून खालची ब्लर (धूसर) करतात. वरच्या प्रतीतून ‘अप्लाय इमेज’ने ब्लर वजा करून, फरक निम्मा करून, त्यात 128 मिळवतात आणि तो लेअर लिनिअर लाइटवर ठेवतात. मूळ 170 आणि ब्लर 150 असेल, तर फरक 20, त्याचा निम्मा 10, म्हणून वरच्या लेअरवर 138. लिनिअर लाइट 128 पासूनचे अंतर दुप्पट करून खाली मिळवतो : 150 अधिक 20, पुन्हा 170. दोन्ही लेअर एकत्र पाहिल्यावर फोटो मुळासारखा दिसला नाही, तर ही साखळी कुठेतरी तुटली आहे. 8 बिटमध्ये सबट्रॅक्ट, स्केल 2, ऑफसेट 128. 16 बिटमध्ये ॲड, इन्व्हर्टवर खूण, स्केल 2, ऑफसेट 0. या दोन पाककृतींची सरमिसळ हेच बहुतेक वेळा कारण निघते. अप्लाय इमेजमध्ये स्रोत म्हणून ब्लरचा लेअर न निवडता ‘मर्ज्ड’ राहून जाणे ही दुसरी चूक. तेव्हा ब्लरऐवजी वर दिसणारे संपूर्ण दृश्यच स्वतःतून वजा होते आणि हाती सपाट राखाडी लेअर येतो.

झूम कमी असताना दिसणाऱ्या दृश्यावरही पूर्ण भरवसा ठेवू नये. वेग राखण्यासाठी फोटोशॉप तेव्हा लेअरच्या लहान केलेल्या प्रती मिसळून दाखवते. बारीक ग्रेन किंवा शार्पनिंगचा लेअर हार्ड मिक्ससारख्या तीव्र मोडवर असेल, तर फ्लॅटन करताच, म्हणजे सर्व लेअर एकच करताच, चित्र बदलल्याचा भास होतो. तुलना 100 टक्क्यांवरच करावी.

नेमका दोषी लेअर सापडत नसेल, तर लेअरच्या डोळ्यावर आल्ट धरून क्लिक केल्यास तो एकटा दिसतो. लेअर पुष्कळ असतील तेव्हा वरचे निम्मे बंद करावेत. बिघाड राहिला तर तो खालच्या निम्म्यात. लेअर स्टाइलमधील ‘ब्लेंड इफ’च्या, म्हणजे उजेडानुसार लेअरचे भाग लपवणाऱ्या, सरकपट्ट्याही उघडून पाहाव्यात. फोटोशॉपच्या तयार (पीएसडी) टेम्प्लेटमध्ये, लग्नाच्या अल्बमच्या विशेषतः, त्या आधीच सरकवलेल्या असू शकतात, आणि मग नव्याने टाकलेल्या फोटोतले उजळ भाग विनाकारण गायब झाल्यासारखे वाटतात.

छपाईसाठी आरजीबीची फाइल सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंत) नेताना फोटोशॉप लेअर मर्ज करायचे का, असे विचारते. हा प्रश्न घाईत टाळू नये. मर्ज न केल्यास प्रत्येक लेअर स्वतंत्रपणे बदलतो आणि मग तीच सूत्रे शाईच्या टक्क्यांवर चालतात. ओव्हरलेचा झळाळ त्यात सहज फिका पडतो. लेअरची मूळ फाइल जपून तिची प्रत फ्लॅटन करावी आणि ती रूपांतरित करावी. पीडीएफ देताना छपाईसाठीच्या पीडीएफ/एक्स-1ए प्रकारात पारदर्शकता सपाट करून द्यावी लागते, एक्स-4 मध्ये ती जिवंत राहते. सपाट केलेल्या पीडीएफमध्ये सावल्यांच्या आजूबाजूला बारीक पांढऱ्या रेघा दिसल्या की ग्राहक घाबरतो. तेव्हा झूम वाढवून पाहावे : रेघ जाड न होता तेवढीच राहिली, तर ती पडद्यावरच्या कडा मऊ करण्याच्या प्रक्रियेची असते, कागदावर येत नाही.