तेलगळती प्रतिसाद सराव

जहाज, तेलविहीर किंवा समुद्राखालची तेलवाहिनी यांतून तेल सांडले तर कोणी, कोणाच्या हुकमाने आणि कोणती साधने घेऊन निघायचे, याची आधी केलेली रंगीत तालीम म्हणजे हा सराव. अलास्कातील ‘एक्सॉन वाल्डीझ’ या तेलवाहू जहाजाच्या दुर्घटनेनंतर (१९८९) आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९० मध्ये तेलप्रदूषण सज्जतेचा करार केला. करारातील देशांवर नियमित सरावांचा कार्यक्रम आखण्याची जबाबदारी त्याने टाकली. भारतात हे काम तटरक्षक दलाकडे आहे. १९९६ पासून लागू असलेल्या राष्ट्रीय तेलगळती आपत्ती योजनेचे समन्वयन हे दल करते.

या योजनेत गळतीचे तीन स्तर आहेत. ७०० टनांपर्यंतची गळती आवरण्याची साधने बंदरांनी आणि तेलकंपन्यांनी स्वतःजवळ ठेवायची असतात. त्यापुढे १०,००० टनांपर्यंत तटरक्षक दल पुढे येते आणि त्याहूनही मोठ्या गळतीसाठी परदेशी मदत गृहीत धरलेली आहे.

सरावाची सुरुवात बहुधा बंद खोलीत होते. नकाशा पसरून एक काल्पनिक अपघात मांडला जातो आणि संदेश कोणाला जातो, निर्णय कोण घेतो, खर्चाला मंजुरी कोण देते हे पडताळले जाते. दुसऱ्या टप्प्यात जहाजे निघतात. डॉर्नियर हे टेहळणी विमान तवंग शोधते, जहाजे तरंगते अडसर ओढून त्याला घेरतात, ‘स्किमर’ पृष्ठभागावरचे तेल ओढून घेतात, तर हेलिकॉप्टरमधून तेल विखुरणाऱ्या रसायनाच्या फवारणीचा सराव होतो. खरे तेल सहसा सांडत नाहीत. तवंग कुठे वाहील हे पाहण्यासाठी काही देशांत भाताचा तूस, संत्री किंवा मक्याच्या लाह्या पाण्यावर सोडल्या जातात. नॉर्वे याला अपवाद आहे. तिथे उत्तर समुद्रात परवानगी घेऊन, मोजून खरे तेल सोडले जाते. अडसराखालून तेल कधी निसटते हे खऱ्या तेलावरच नीट कळते, म्हणून त्या प्रयोगांना मोल आहे. अडसरावर काटकोनात येणारा प्रवाह ताशी पाऊण सागरी मैलाच्या आसपास गेला, की तेल खालून सुटू लागते.

‘नॅटपोलरेक्स’ हा भारताचा राष्ट्रीय सराव साधारण दोन वर्षांनी होतो. त्याची आठवी आवृत्ती एप्रिल २०२२ मध्ये गोव्यात मुरगाव येथे, नववी नोव्हेंबर २०२३ मध्ये गुजरातमधील वाडीनार येथे आणि दहावी ऑक्टोबर २०२५ मध्ये चेन्नईत झाली. हे महिने पाहिले की एक उणीव डोळ्यांत भरते: तिन्ही सराव नैर्ऋत्य मोसमी पावसाळ्याबाहेर झाले, अपघात मात्र त्याच दिवसांत घडले. मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली ती ७ ऑगस्ट २०१० रोजी. कोळसा वाहणारे ‘राक’ जहाज बुडाले ४ ऑगस्ट २०११ रोजी. केरळजवळ ‘एमएससी एल्सा ३’ मे २०२५ मध्ये बुडाले, तेव्हाही नैर्ऋत्य मोसमी पाऊस दाखल झालेला होता. उसळत्या समुद्रात लाटा अडसरावरून तेल पलीकडे फेकतात आणि स्किमर निरुपयोगी ठरतात. पश्चिम किनाऱ्यासाठी खरी परीक्षा पावसाळ्याचीच आहे, आणि त्या दिवसांत निदान खोलीतला आणि किनाऱ्यावरचा सराव तरी व्हायलाच हवा.

किनारा हा सरावाचा दुबळा भाग राहिला आहे. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईजवळच्या एन्नोर बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाल्यावर माणसांनी बादल्यांनी काळा राडा उपसला, ती छायाचित्रे देशभर पोहोचली. कोकणात हे काम आणखी अवघड होईल. कांदळवनाच्या मुळांत शिरलेले तेल यंत्राने निघत नाही आणि उथळ खाडीत विखुरणारे रसायन वापरणे मासळीला घातक ठरू शकते. त्यामुळे खाडीच्या तोंडाशी अडसर आधीच लावणे हाच उपाय उरतो. भरतीचे पाणी कोणत्या फाट्याने आत शिरते हे स्थानिक कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत असते. त्यांना सरावात पाहुणे म्हणून बोलावण्याऐवजी अडसराच्या दोरीशी उभे करायला हवे. चेन्नईच्या दहाव्या सरावात मरीना किनाऱ्यावर सफाईची तालीम घेण्यात आली.