खालसा फौज (रणजितसिंहकालीन)

महाराजा रणजितसिंह (१७८०–१८३९) यांनी पंजाबात उभारलेली आणि १८४९ मध्ये शीख राज्याबरोबर संपुष्टात आलेली सेना. अठराव्या शतकातील मिसलींचे (शीख सरदारांच्या स्वतंत्र जथ्यांचे) बळ घोडेस्वारांत होते. पायदळाकडे किल्ल्याच्या राखणीपलीकडे फारसे काम नसे. रणजितसिंहांनी हा क्रम उलटवला आणि पायदळ व तोफखाना हा सैन्याचा कणा केला.

कवायतीचा उगम : याविषयी मतभेद आहेत. एका मताप्रमाणे प्रेरणा १८०५ मधील. त्या वर्षी इंग्रजांचा ससेमिरा चुकवीत यशवंतराव होळकर मदतीच्या आशेने अमृतसरला पोहोचले आणि त्यांच्या पाठोपाठ इंग्रज सेनापती जनरल लेक बियास नदीपर्यंत आला. रणजितसिंह वेषांतर करून लेकच्या छावणीत कवायत पाहून आले, ही प्रसिद्ध हकिकत याच वेळची; ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. दुसरे मत १८०९ मधील अमृतसरच्या चकमकीला महत्त्व देते. इंग्रज वकील मेटकाफ याच्या रक्षक तुकडीतील मुसलमान शिपायांनी मोहरमची मिरवणूक काढली, तेव्हा फुलासिंह यांच्या अकालींनी (शीख धर्मयोद्ध्यांनी) तिच्यावर हल्ला केला आणि त्या मूठभर कवायती शिपायांनी तो परतवला. तथापि ईस्ट इंडिया कंपनीची चाकरी सोडून आलेले शिपाई त्याआधीच लाहोरच्या (रणजितसिंहांच्या राजधानीच्या) सेवेत शिरले होते व त्यांच्या हाताखाली काही पलटणी शिकत होत्या. त्यामुळे १८०९ च्या प्रसंगाने सुरू असलेल्या कामाला वेग दिला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. दरबारचे फारसी लष्करी दप्तर १८११ च्या सुमारास सुरू होत असल्याने त्याआधीच्या काळासाठी प्रवासवर्णने व बखरवजा लेखनावरच भिस्त ठेवावी लागते.

शीख तरुणांना पायदळाची चाकरी प्रथम कमीपणाची वाटे. तालावर पावले टाकण्याला ते नाचणारणींचा नाच म्हणत. म्हणून आरंभीच्या पलटणींत पुरबिये (पूर्वेकडील हिंदुस्थानी शिपाई), पठाण व गुरखे यांचा भरणा होता. नियमित पगार आणि महाराजांची जातीने देखरेख यांमुळे हा तिटकारा ओसरला. पुढे पायदळात शिखांचेच प्राबल्य झाले.

रचना : सैन्याचे मुख्य विभाग दोन, फौज-इ-आईन (कवायती) आणि फौज-इ-बेकवायद (बिनकवायती). पायदळाच्या पलटणीत साधारण ८०० ते ९०० माणसे असत. प्रमुख कुमेदान (कमांडंट), त्याच्या हाताखाली अजिटन (अ‍ॅडज्युटंट). पलटणीच्या आठ कंपन्या, प्रत्येकीवर एक सुभेदार व मदतीस जमादार, त्यांखाली हवालदार व नाईक. मुनशी, ग्रंथी, भिस्ती, बेलदार (खोदकाम करणारे) आणि लंगरी (स्वयंपाकी) हे बिनलढाऊ लोकही पलटणीच्या पटावर असत. तोफखान्याचे भाग ओढणाऱ्या जनावरांवरून पडत : घोड्यांचा, बैलांचा व हत्तींचा, उंटांवरील जंबुरके (हलक्या तोफा) वेगळी. गोलंदाजांत मुसलमानांचे प्रमाण मोठे होते. १८३५ नंतर पायदळ, रिसाला व तोफा एकत्र करून स्वतंत्र ब्रिगेडी बांधण्यात आल्या.

बिनकवायती फौजेत घोडचढे (घोडेस्वार) प्रमुख. मराठी फौजेतील शिलेदाराप्रमाणे घोडा त्यांचा स्वतःचा असे. जहागीरदारांनी पुरवायचे स्वार निराळे. माणसाचा हुलिया (शरीराचे वर्णन) दप्तरात नोंदणे आणि घोड्याला डाग देणे, हे खोट्या हजेरीवरचे उपाय होते.

वेतन जहागिरीच्या रूपाने, हंगामागणिक किंवा माहवार (माहदारी) मिळे. कवायती शिपायाचा दरमहा पगार सात-आठ रुपयांच्या आसपास होता, पण तो अनेक महिने तुंबून राही. कवायती पायदळ १८११ मध्ये सुमारे ३,००० होते, ते १८३८ पर्यंत सुमारे ३०,००० झाले.

यूरोपीय अधिकारी : नेपोलियनच्या सैन्यात काम केलेले आलार व व्हेंतुरा १८२२ मध्ये लाहोरला आले. त्यांच्याकडे फौज-इ-खास ही नमुनेदार ब्रिगेड सोपवण्यात आली : पायदळाच्या चार पलटणी, दोन रिसाले आणि इलाहीबख्श याचा २४ तोफांचा तोफखाना. कवायतीचे हुकूम फ्रेंच भाषेत दिले जात. १८२७ मध्ये कूर व आव्हिताबिले आले. कूरने तोफा ओतण्याच्या कामात सुधारणा केली. या मंडळींनाच साऱ्या सैन्याचे निर्माते ठरवण्याकडे जुन्या यूरोपीय लेखकांचा कल दिसतो. तो मान्य करणे कठीण आहे, कारण मुलतान (१८१८) आणि काश्मीर (१८१९) या दोन्ही मोठ्या मोहिमा त्यांच्या आगमनापूर्वीच मिसर दिवाणचंद यांच्या नेतृत्वाखाली जिंकल्या गेल्या होत्या.

उत्तरकाळ : महाराजांच्या निधनानंतर दरबारातील गटांनी सैन्याचा पाठिंबा मिळवण्यासाठी पगारवाढ देऊ केली व शिपायाचा पगार बारा रुपयांपर्यंत गेला. पलटणींनी आपले पंच निवडले आणि या पंचायती सरदारांशी थेट बोलणी करू लागल्या. पहिल्या इंग्रज-शीख युद्धानंतर ९ मार्च १८४६ च्या लाहोर तहाने सैन्यावर २५ पलटणी व १२,००० स्वार अशी मर्यादा घातली. सोबरावच्या लढाईत इंग्रजांच्या हाती न लागलेल्या, सतलजच्या उजव्या तीरावरील ३६ तोफाही त्याच तहान्वये त्यांच्या स्वाधीन कराव्या लागल्या.