तिवर : आनुवंशिक विविधता (ठाणे खाडी)

तिवर (ॲव्हिसेनिया मरिना) या खारफुटी वृक्षाच्या निरनिराळ्या ठिकाणच्या समष्टींमधील (एकाच जागी वाढणाऱ्या त्याच जातीच्या झाडांच्या समूहांमधील) जनुकीय फरक आणि ते घडवणाऱ्या उत्क्रांतीच्या प्रक्रिया यांचा विचार या नोंदीत केला आहे. ठाणे व नवी मुंबईलगतच्या खाडीकाठी हाच वृक्ष सर्वाधिक आढळतो. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीचा रामसर स्थळांत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, समावेश झाला.

उत्परिवर्तनातून, म्हणजे जनुकांतील आकस्मिक बदलांतून, नवे भेद निर्माण होतात, नैसर्गिक निवड त्यांतले काही टिकवते, लहान समष्टींत यदृच्छेने काही लोपतात, आणि पराग व बीज यांच्या वहनातून समष्टींमधले अंतर पुसट होते. जमिनीवरच्या बहुतेक वनवृक्षांत हे वहन प्रबळ असते. त्यामुळे त्यांची बहुतांश विविधता प्रत्येक समष्टीच्या आतच सापडते, समष्टी-समष्टींत थोडीच विभागलेली असते. तिवराचे तसे नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, जगभरातील नमुन्यांच्या अभ्यासात समष्टींमधला फरक मोठा आढळला आणि प्रसारक्षेत्राच्या कडेला विविधता घटलेली दिसली. तिवराचे परागण मुख्यतः मधमाश्यांसारख्या कीटकांकडून होते. अंकुरलेली फळे भरतीच्या पाण्यावर तरंगतात खरी, पण पुष्कळशी मातृवृक्षाच्या आसपासच्या चिखलातच रुजतात.

मुंबई-ठाणे परिसरातील टोकदार पानांच्या तिवराबद्दल जुना वाद आहे. फोर्स्कोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने अरबस्तानातील नमुन्यांवरून केलेले मूळ वर्णन १७७५ मध्ये प्रसिद्ध झाले. आजचे नाव फिअरहाप्परने १९०७ मध्ये रूढ केले. अरुंद, टोकदार पानांची झाडे काही वनस्पतिसूचींत ॲव्हिसेनिया आल्बा म्हणून नोंदली गेली. ही जाती ब्लूमेने जावातून वर्णिली होती. विसाव्या शतकात त्याच झाडांना मरिनाचाच ‘ॲक्युटिसिमा’ हा प्रकार मानण्याचे मत पुढे आले. फळांची ठेवण पाहता हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र पानाच्या आकारावर वेगळा प्रकार उभारणे कितपत टिकेल, हा प्रश्न उरतोच. एकाच काठावर भरतीरेषेजवळचे झाड उंच व रुंद पानांचे, तर आतल्या खारट पट्ट्यातले खुजे व जाड, लहान पानांचे असू शकते. तिवराचे पान उन्हात जवळून पाहिले, तर पृष्ठावर मिठाचे बारीक स्फटिक चमकताना दिसतात. ग्रंथींतून मीठ बाहेर टाकण्यात झाडाची ऊर्जा खर्च होते, त्यामुळे क्षारता वाढली की वाढ खुंटते.

म्हणून डोळ्यांना दिसणारा फरक जनुकांतला असेलच असे नाही. ब्राझीलमधील पांढरी खारफुटी या वेगळ्या जातीवर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नदीकाठची उंच आणि क्षारपट्ट्यातली खुजी झाडे डीएनएच्या क्रमात फारशी वेगळी नव्हती, पण डीएनएच्या मेथिलीकरणात (क्रम न बदलता डीएनएवर जोडल्या जाणाऱ्या रासायनिक खुणांत) स्पष्ट फरक होता. ठाणे खाडीतल्या दोन्ही रूपांची फळे एकाच चिखलात, एकाच क्षारतेत वाढवून पाहणे हा निर्णयाचा खात्रीचा मार्ग आहे.

खाडीचा भूतकाळही महत्त्वाचा. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, तेव्हा आजच्या खाडीच्या जागी खारफुटी असणे शक्य नव्हते. पातळी वर येऊन स्थिरावली, बहुधा सहा-सात हजार वर्षांपूर्वी, त्यानंतरच आजची वने आली असावीत. अलीकडच्या दशकांत गाळ साचून मोकळ्या चिखलपट्ट्यांवर तिवर पसरला आहे. अशी नवी वने थोड्याच मातृवृक्षांपासून उगवली, तर ती दाट असूनही जनुकीयदृष्ट्या गरीब राहू शकतात. पुनर्लागवडीत याची दखल घेतलीच पाहिजे. रोपवाटिकेसाठी फळे एकाच सोयीच्या काठावरून न वेचता ऐरोली, वाशी, कळवा अशा वेगवेगळ्या भागांतील अनेक झाडांखालून वेचावीत. दूरच्या किनाऱ्यावरची रोपे आणणे शक्यतो टाळावे; ती इथल्या उन्हाळी क्षारतेला तोंड देतीलच याची खात्री नसते.

खाडीतल्या चिप्पी या दुसऱ्या खारफुटी वृक्षाची फुले रात्री उमलतात आणि त्यांचे परागण वटवाघळे व पतंग करतात. त्यामुळे तिच्यात परागाचे वहन तिवरापेक्षा दूरवर होत असावे. पांढरी चिप्पी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे.