संप्रेरके आणि पक्षीवर्तन (कोकण किनारा)

रानपक्ष्यांचे गाणे, हद्दीवरची भांडणे, पिलांची देखभाल आणि संकटात घरटे सोडणे यांमागे रक्तातील संप्रेरकांचा (हार्मोन्सचा) मोठा वाटा असतो. कोकणात मार्चपासून दयाळ गाऊ लागतो. पावसाच्या तोंडावर पावशा आणि नवरंग, तर भर पावसात ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर ऐकू येतो.

दिवस लांबू लागला की कवटीतून झिरपणारा उजेड मेंदूतील प्रकाशसंवेदी पेशींना जाणवतो आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीमार्फत नराची वृषणे वाढून टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक स्रवू लागते. मात्र रत्नागिरीच्या अक्षांशावर वर्षातील सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या दिवसांत जेमतेम दोन तासांचा फरक असतो. त्यामुळे इथे पाऊस, उंच गवत आणि किडे हे संकेतही मोलाचे ठरतात.

नराचे विणीच्या काळातले वर्तन सुगरण पक्ष्यात उत्तम दिसते. सलीम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला त्याचे निरीक्षण केले. नर अर्धेच घरटे विणतो. मादीने ते पसंत केले तरच पुरे करतो आणि लगेच दुसरे विणायला घेतो. विणीच्या दिवसांतला त्याचा पिवळा रंग मात्र टेस्टोस्टेरॉनचा नव्हे. सुगरण ज्यात मोडतो त्या विणकर कुळात तो पोष ग्रंथीच्या पीतपिंडकर संप्रेरकामुळे (एलएच) येतो. वृषणे काढलेल्या नरालाही विणीचा पिसारा फुटतो.

आरवण्याचा वृषणांशी असलेला संबंध जर्मन शास्त्रज्ञ बर्टहोल्ड यांनी १८४९ मध्येच कोंबड्यांवर दाखवला होता. पक्षीगानाचे अभ्यासक नॉटबोम यांनी १९८१ मध्ये कॅनरी नरांच्या मेंदूतील गानकेंद्रे वसंतात मोठी व नंतर लहान होतात, हे सिद्ध केले. तरीही ‘टेस्टोस्टेरॉन म्हणजे गाणे’ हे समीकरण घाईचे आहे. उष्ण कटिबंधात वर्षभर हद्द राखणारे अनेक पक्षी हे संप्रेरक कमी असतानाही गातात. उलट ते कृत्रिमरीत्या वाढवले, तर काही जातींचे नर जास्त गातात, पण पिलांना कमी भरवतात.

ताणाचे मुख्य संप्रेरक कॉर्टिकोस्टेरॉन हे मूत्रपिंडांजवळच्या अधिवृक्क ग्रंथीतून स्रवते. थोड्या वेळापुरते ते उपकारकच असते : साठवलेली ऊर्जा मोकळी होते आणि पक्षी गाणे-वीण बाजूला ठेवून जीव वाचवतो. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ ऐन विणीच्या हंगामात अलिबाग-श्रीवर्धन पट्ट्यावर आदळले. अशा वेळी घरटे सोडणारी जोडी निष्काळजी नसते. ती पुढच्या विणीसाठी स्वतःला राखते. ताण दीर्घकाळ टिकला, तर मात्र हेच संप्रेरक वीण व रोगप्रतिकार दोन्ही खालावते.

मोजमाप जिकिरीचे असते, कारण पकडणे हाच पक्ष्याला ताण असतो. म्हणून मूळ पातळी कळण्यासाठी साधारण तीन मिनिटांच्या आत रक्त घ्यावे लागते. पीस वाढताना त्यातही कॉर्टिकोस्टेरॉन साठते. त्यामुळे गळलेल्या पिसावरूनही ते वाढत असतानाच्या ताणाचा अंदाज बांधता येतो.