घरात काम काढताय? परवानगी कुठे लागते, कुठे नाही

मुलांच्या परीक्षा संपल्या की घरोघरी काम काढलं जातं. फरशी बदलायची, ओटा वाढवायचा, हॉल मोठा करायचा. मिस्त्री येतो, टेपने मापं घेतो आणि सांगतो, "तुमचंच घर आहे, परवानगी कसली?" त्याचं म्हणणं अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी माणसं अडचणीत येतात.

आधी खरा अर्धा भाग. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 43 मध्ये स्पष्ट सूट आहे. देखभालीचं, सुधारणेचं किंवा फेरफाराचं काम इमारतीच्या फक्त आतल्या भागापुरतं असेल, किंवा त्याने बाहेरच्या रूपात ठळक बदल होत नसेल, तर विकास परवानगी लागत नाही. रंगकाम, गिलावा, फरशी, फॉल्स सीलिंग, फर्निचर ही कामं निर्धास्त करा. मुंबईसाठी 1888 च्या महानगरपालिका अधिनियमात कलम 342 खाली 'टेनंटेबल रिपेअर्स', म्हणजे घर राहण्याजोगं ठेवण्यासाठीच्या दुरुस्त्या, म्हणून यादीच दिली आहे: गिलावा, फरशी बदलणं, संडास-बाथरूमची दुरुस्ती, ड्रेनेजचे पाइप, नळ आणि विजेच्या फिटिंग्ज बदलणं, छप्पर त्याच प्रकारच्या साहित्याने पुन्हा घालणं. त्याच कलमात काय चालणार नाही तेही आहे. बांधकामाची लांबी-रुंदी-उंची बदलणं, भार पेलणारी भिंत किंवा इतर भाग काढणं वा बदलणं, जोतं किंवा जमीन खाली घेणं, पोटमाळा घालणं किंवा वाढवणं हे दुरुस्तीत मोडत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो भिंतीवरून. आमच्या घरात हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत काढायचं ठरलं होतं. मिस्त्रीने टकटक करून पाहिलं आणि म्हणाला, "चार इंची आहे, दुपारपर्यंत उतरवतो." सुदैवाने त्याआधी संरचना अभियंत्याला बोलावलं. त्यांनी सोसायटीकडचे आरसीसी नकाशे, म्हणजे खांब-तुळया दाखवणारे नकाशे, मागवले, मग एका कोपऱ्यात बारीक भोक पाडून पाहिलं. आधी गिलाव्याची पांढुरकी भुकटी आली, मग राखाडी, आणि बोटभर आत गेल्यावर ड्रिलचं टोक करकरत सळईवर अडकलं. तो खांबाचाच भाग होता, गिलाव्याआड सपाट दिसत होता. विटांची लाल भुकटी आली असती, तरीही नुसत्या भुकटीवर निर्णय घेऊ नका, असं त्यांनी बजावलं. नकाशा पाहणं हाच खरा उपाय.

नव्या इमारतींत तर जास्तच जपावं लागतं. मायवान पद्धतीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या इमारतींत बहुतेक भिंती काँक्रीटच्या असतात आणि त्या भार पेलतात. तिथे 'पार्टिशन' समजून दार रुंद करणं किंवा वायरिंगसाठी खोल खाचा मारणं धोक्याचं आहे. पोस्ट-टेन्शन स्लॅबमध्ये ताणलेल्या केबल असतात, त्यामुळे छताला भोक पाडण्याआधीही विचारावं. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरची चार मजली इमारत कोसळली आणि 17 जीव गेले, तेव्हा तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं. एका घरात काढलेला खांब वरच्या सगळ्यांचा असतो, हे डोक्यात ठेवूनच हातोडा उचलावा.

विजेच्या कामात कायदा फार नेमका आहे आणि फार कमी लोकांना ठाऊक आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज, स्विच किंवा घरगुती उपकरण बदलणं तुम्ही स्वतः करू शकता, पण त्याने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. नवी वायरिंग, नवा पॉइंट, डीबीमधले, म्हणजे विजेच्या वितरण पेटीतले, बदल हे परवानाधारक विद्युत ठेकेदाराचं काम आहे, आणि तेही परवानाधारक माणसाने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करायचं. काम संपलं की चाचणी अहवाल मागून घ्या. एसी वाढवताना मंजूर भार पुरत नसेल तर वीज कंपनीकडे भारवाढीचा अर्ज करावा लागतो. पाइप गॅसची नळी हलवणं तर फक्त गॅस कंपनीकडूनच, ओटा सरकवला म्हणून प्लंबरने ती वाकवायची नाही. घरातला गळका नळ मात्र खुशाल स्वतः बदला. पालिकेच्या जोडणीला हात लावायचा असेल तर परवानाधारक प्लंबर लागतो.

कायद्याने सूट दिली तरी सोसायटीचे उपविधी वेगळे लागू असतात. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेत भर घालण्याआधी किंवा फेरफार करण्याआधी समितीची लेखी पूर्वपरवानगी घ्यावी लागते. अर्ज सचिवांच्या नावे, दोन प्रतींत द्यावा, आणि एका प्रतीवर पोच घ्यावी. सोबत भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट) किंवा विक्री कराराची प्रत, बदलाचं साधं रेखाचित्र, ठेकेदाराचं नाव, कामाचा कालावधी आणि गरजेनुसार संरचना अभियंत्याचं प्रमाणपत्र जोडावं. बाथरूमचं काम असेल तर खालच्या घरात ओल उतरल्यास दुरुस्ती करून देण्याचं हमीपत्रही द्यावं. मागितलं नसलं तरी मी देईन, कारण फरशी उखडताना खालचं वॉटरप्रूफिंग फाटणं नेहमीचंच आहे. राडारोडा कुठे टाकणार, तेही अर्जातच लिहा.

पालिकेकडे कधी जायचं? भार पेलणारी भिंत, तुळई, खांब किंवा जिना यांत बदल, बाल्कनी बंद करणं, खिडकीबाहेर पिंजऱ्यासारखी ग्रिल बसवणं, गच्चीवर खोली, वापर बदलणं यासाठी. मुंबईत डीसीपीआर 2034 ही विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. राज्यातल्या बहुतेक इतर शहरांत 2 डिसेंबर 2020 ची एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, पाहावी लागते. अर्ज वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंत्यामार्फत करावा. मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, करपावती, सोसायटीचं ना-हरकत पत्र आणि संरचना अभियंत्याचं प्रमाणपत्र तयार ठेवा. वर सांगितलेल्या नगररचना अधिनियमाच्या कलम 45 प्रमाणे अर्ज पोहोचल्यापासून 60 दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मानली जाते, मात्र प्रस्ताव नियमांत बसत असेल तरच.

परवानगीशिवाय काम केलं तर त्याच अधिनियमाच्या कलम 52 खाली गुन्हा दाखल होऊ शकतो आणि कलम 53 खाली पाडण्याची नोटीस येऊ शकते. आणि नोटीस आली नाही तरी घर विकताना बँकेचा मूल्यांकनकार मंजूर नकाशा हातात घेऊन खोली-खोली मोजतो. बंद केलेली बाल्कनी त्याच्या कागदावर बाल्कनीच असते. म्हणून भोगवटा प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशाची प्रत आजच सोसायटीकडून किंवा पालिकेकडून मिळवून कपाटात ठेवा, मिस्त्रीला फोन त्यानंतर.