कानाला मरण कळत नाही

पुण्यात दर डिसेंबरात भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवाची सांगता हयात कलाकाराच्या गाण्याने होत नाही. शेवटचं गाणं संपलं की ध्वनिक्षेपकावरून सवाई गंधर्वांची भैरवी लावायची प्रथा आहे, ‘बिन देखे पडे नहीं चैन’. जुन्या तबकडीवरचं, जेमतेम तीन मिनिटांचं गाणं. सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, १९५२ साली गेले आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी पुढच्याच वर्षी हा महोत्सव सुरू केला. आज मंडपात बसलेल्यांपैकी बहुतेकांनी या माणसाला कधी पाहिलेलंच नाही. तरी शाली-स्वेटर आवरत निघालेली माणसं त्या खरखरीत आवाजाशी थबकतात. ज्याला कधी पाहिलं नाही त्याच्यावाचून चैन पडत नाही, हा काय प्रकार आहे?

सुरुवात आवाजापासून करू. कानशिलांच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या टेम्पोरल खंडात, माणसाच्या आवाजाला खास प्रतिसाद देणारे भाग आहेत. पास्काल बेलँ आणि सहकाऱ्यांनी ते २००० साली मेंदूच्या स्कॅनमधून दाखवले. दार आपटलं, घंटा वाजली, मोटार गेली, तर हे भाग तितके जागे होत नाहीत, पण माणसाचा आवाज आला की होतात. आवाजावरून माणूस ओळखण्याची ही सोय आपल्याला फार लवकर मिळते. जेमतेम दोन-तीन दिवसांची बाळं परक्या बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज पसंत करतात, हे १९८० सालीच प्रयोगाने दिसलं होतं.

मग इतक्या जुन्या, खरखरत्या तबकडीवरूनही गळा ओळखू कसा येतो? याचं उत्तर आपल्या साध्या टेलिफोनमध्ये आहे. जुन्या पद्धतीचा फोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे पाठवायचा. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर असतो शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या आसपास, म्हणजे तो तारेतून जातच नव्हता! तरी ‘हॅलो’ म्हणताच पलीकडे काका आहेत हे कळायचं. मेंदू मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या स्वरांशांमधलं अंतर पकडतो आणि गाळलेला मूळ स्वर आपणच भरतो. ओळख पटवायला घसा, तोंड आणि नाक या पोकळ्यांनी आवाजाला दिलेला घाट पुरतो. तो घाट बराचसा याच मधल्या पट्ट्यात असतो, आणि जुन्या तबकडीत नेमका तोच टिकला आहे.

ओळख पटायला वेळही फार लागत नाही. कॅरल क्रुमहान्सल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१० साली लोकप्रिय गाण्यांचे ४०० मिलिसेकंदांचे तुकडे विद्यार्थ्यांना ऐकवले. डोळ्याची एक उघडझाप होते, साधारण तेवढाच वेळ. तरी पाव हिश्शाहून जास्त वेळा मुलांनी गाणं आणि गायक दोन्ही बरोबर सांगितले. आपल्याकडे एखाद्या दर्दी माणसावर हा प्रयोग केला तर तो षड्ज लागायच्या आत घराणं सांगून मोकळा होईल. अर्थात ते विज्ञान नाही, माझा अंदाज आहे.

एवढ्या झटपट ओळखणाऱ्या या यंत्रणेला एक गोष्ट मात्र ठाऊक नाही, ती म्हणजे माणूस हयात आहे की नाही. ही माहिती तिच्याकडे नसतेच. लाखो वर्षं तिची गरजही नव्हती, कारण आवाज आला म्हणजे माणूस हाकेच्या अंतरावर असायचाच. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ केला तेव्हा पहिल्यांदा आवाज आणि देह यांची फारकत झाली. भारतात गायकांचं व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ साली, कलकत्त्यात. उत्क्रांतीच्या हिशेबात हे आत्ता-आत्ताचं. त्यामुळे भैरवी लागते तेव्हा मेंदूचा एक भाग ‘रामभाऊ आले’ म्हणतो आणि दुसरा म्हणतो ‘ते तर केव्हाच गेले’. घशात दाटून येणारा आवंढा या दोघांच्या भांडणातून येत असावा, असं मला वाटतं.

आवाज नुसताच ओळखीचा राहतो असं नाही, तो माणसाला कामालाही लावतो. अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ठुमरी, ‘पिया बिन नाही आवत चैन’, तबकडीवर ऐकून लहानगा भीमसेन असा झपाटला की १९३३ साली, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडून पळाला. पुढे गुरू मिळाले ते याच खाँसाहेबांचे शिष्य, सवाई गंधर्व. एका ‘चैन’ने पोराला घराबाहेर काढलं आणि दुसऱ्या ‘चैन’ने त्याचाच महोत्सव आजही संपतो.

पण रसिक आठवण काढतात ती फक्त गळ्याची नसते. लता मंगेशकर ६ फेब्रुवारी २०२२ ला गेल्या त्या दिवशी लोक काय बोलत होते ते आठवून पाहा. स्वर, श्रुती, लगाव यांवर थोडेच बोलले. बाकीचे सांगत होते ते स्वयंपाकघरातल्या फडताळावरचा रेडिओ, लग्नातला लाउडस्पीकर, हॉस्टेलची खोली, एसटीचा रात्रीचा प्रवास. पेट्र जनाटा यांनी २००९ साली माणसांना ओळखीची गाणी ऐकवत त्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले. जे गाणं आयुष्यातल्या प्रसंगाशी जोडलेलं होतं, त्याला कपाळामागचा, दोन्ही अर्धगोलांच्या मधल्या बाजूचा भाग जास्त प्रतिसाद देत होता. गाण्याचे सूर आणि आपली चरित्रकथा यांची गाठ तिथे पडते. सर्वांत पक्क्या गाठी साधारण दहाव्या वर्षापासून विशीच्या अखेरपर्यंत पडतात. म्हणून प्रत्येक पिढीला गाण्याचा सुवर्णकाळ आपल्याच कॉलेजच्या दिवसांत सापडतो. दुसऱ्या कुणाच्या कॉलेजच्या दिवसांत तो सापडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

क्रुमहान्सल यांच्या २०१३ च्या प्रयोगात मात्र गंमत झाली. विशीतल्या मुलांना १९५५ ते २००९ या काळातली गाणी ऐकवली, तर आठवणींच्या आलेखावर त्यांच्या स्वतःच्या काळाखेरीज आणखी दोन उंचवटे दिसले. एक आईबाप तरुण होते तेव्हाच्या गाण्यांचा आणि एक त्याही आधीचा, साठच्या दशकाचा. म्हणजे घरात सतत वाजणारी गाणी मुलांच्या आठवणीतही मुरतात. सुधीर फडके २००२ साली गेले. त्यानंतर जन्मलेली पोरं त्यांच्या गाण्याने हळवी होताना दिसली तर ती आव आणताहेत असं समजायचं कारण नाही.

आता वाट पाहण्याबद्दल. व्हॅलरी सालिमपूर आणि रॉबर्ट झटोरे यांनी २०११ साली मॉन्ट्रियलमध्ये दाखवलं की आवडत्या गाण्याने अंगावर शहारा येतो त्या क्षणी मेंदूत डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन सुटतं, पण त्या क्षणाच्या आधीही सुटतं, आणि वेगळ्या जागी. आवडती जागा येणार, येणार, ही हुरहूरच आनंदाचा अर्धा वाटा घेऊन जाते. मैफलीत ही हुरहूर अनिश्चित असते, कारण गवई आज ती जागा घेईल की नाही, कुणी सांगावं? तबकडीवर ती शंभर टक्के येणार असते. गायक गेला की नवी मैफल नाही, उरते ती पाठ झालेली वाट. मग ऐकणाऱ्याच्या मेंदूत त्या वाटेचा नकाशा इतका घोटला जातो की दोन गाण्यांमधली शांतताही त्यात येते. ओळखीच्या सीडीवरचं गाणं संपल्यावर, पुढचं सुरू व्हायच्या आधीच्या शांततेत मेंदू पुढच्या गाण्याची तयारी करत असतो, हे २००९ च्या एका प्रयोगात स्कॅनवर दिसलं आहे.

आमच्या घरी भीमसेन जोशींच्या अभंगांची एक कॅसेट होती. तिची टेप एकदा प्लेअरमध्ये गुंतली. वडिलांनी ती ओढून काढली, चुरगळलेला तुकडा कापला, चिकटपट्टीने सांधली आणि पेन्सिलीने गुंडाळून परत लावली. तेव्हापासून एका अभंगातली तान अर्ध्यावर तुटून थेट पुढच्या ओळीवर पडायची. भीमसेनजी २४ जानेवारी २०११ ला गेले. संध्याकाळी मी तोच अभंग फोनवर लावला. ध्वनिमुद्रण स्वच्छ, तान अख्खी. आणि नेमक्या त्या जागी माझं मन पुढच्या ओळीवर उडी मारून मोकळं झालं. पंडितजी मागे राहून तान पुरी करत होते.